दुखवट्याचा बनियन

तांबेवाडी, ता. राहुरी
१२ सप्टेंबर १९९६

चि. प्रवीण,

आशीर्वाद. इकडे सगळं कुशल आहे असं आधी लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. तुझं कार्ड मिळालं. एवढं कोरं कार्ड आणि त्यावर एक ओळ: 'तो बनियन जाळला का? जाळला असेल तर येतो.' उरलेल्या जागेत भोसरीत जेवतोस कुठे, निजतोस कुठे, एवढं तरी लिहिता आलं असतं. पोस्टमन भिमाजीनेसुद्धा कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काहीतरी लिहायचं विसरले होते.

तर उत्तर ऐक. जाळला नाही. जाळणारही नाही. घडी घालून पेटीत ठेवला आहे, वर डांबराची गोळी टाकून.

तू गेलास त्या दिवशी तू बोललास आणि मी ऐकून घेतलं. आता तू तिकडे आहेस, मध्येच उठून दार आपटता येणार नाही, तेव्हा माझं ऐक. मी सातवी शिकले ती बोरगव्हाणच्या शाळेत, आणि गुरुजी म्हणायचे, भामा, तुझं अक्षर चांगलं आहे पण तोंड आवर. अक्षर अजून तसंच आहे.

तुझ्या पाठचा मच्छिंद्र गेला त्याला पाच महिने झाले. बोरगव्हाणची जत्रा, अंतिम सामना. आपलं जय हनुमान मंडळ लाल बनियनमध्ये, त्यांचं नवनाथ पिवळ्या. शेवटच्या चढाईत गहिनीने त्याचा घोटा धरला, वरून सगळी साखळी पडली, डोकं मातीवर आपटलं. उठला, हसला, पाणी मागितलं आणि नगरला नेताना टेम्पोतच गेला. हे तुला सांगायला नको. तू कप्तान होतास, दोन हातांवर होतास. तरी मुद्दाम लिहिते, कारण तुझ्या तोंडून मी हे एकदाच ऐकलं आणि त्यात 'मारला' असा शब्द होता. गहिनी तुझ्या सख्ख्या मामाचा मुलगा आहे. त्याने धरला. मारला नाही. कबड्डीत धरतात.

तेराव्याला माझा भाऊ दुखवटा घेऊन निघाला होता. मला लुगडं, तुझ्या आण्णांना टोपी-उपरणं, तुला टोपी. तुम्ही लाल बनियनवाले वेशीत उभे राहिलात आणि त्याला तिथूनच परत लावलंत. गाठोडं ओढ्यात पडलं. पडलं असंच लिहिते. कोणी टाकलं ते मी विचारलं नाही.

पण तुला पोराला काय ठाऊक, की माणूस गेलेल्या घरात माहेरचं कापड अंगावर पडल्याशिवाय बाईचा दुखवटा सुटत नाही. तोवर घरात कढई चढत नाही, सणाला गोड होत नाही. मी वाट बघत बसले. भाऊ पुन्हा यायला धजेना आणि मी जायला धजेना. शेजारची रंगुबाई विचारायची, 'भामाबाई, माह्यारचं आलं का काई?' मी म्हणायचे, येईल.

पेरणीच्या दिवसांत गहिनी आला. रस्त्याने नाही, पाटाच्या कडेने, उसातून. हातात खताची पिशवी. उंबऱ्याच्या आत पाय ठेवीना. पिशवीतून त्याचा पिवळा बनियन काढला, पाठीवर सात नंबर, आणि म्हणाला, 'आत्या, ह्यो तुझ्या चुलीत घाल. माझ्या हातानं जळंना.'

मी तो हातात घेतला. घामाचा वास होता, माती होती. माझ्या मनात काय आलं ते मला नीट सांगता येत नाही, पण मी विचारलं, 'बोरगव्हाणवरनं आनलास न्हवं?'

'व्हय.'

'माज्या भावाच्या घरातनं आनलास न्हवं?'

'व्हय आत्या.'

'मंग ह्यो दुखवटा हाय. माह्यारचं कापड चुलीत घालत्यात व्हय रं?' आणि मी तो झंपरावरून अंगात घातला, वरून पदर घेतला. ते पोर उंबऱ्यातच खाली बसलं आणि हंबरडा फोडून रडायला लागलं. तेवढ्यात तू रानातून आलास.

तू पाहिलंस ते एवढंच. आई पिवळ्या बनियनमध्ये उभी आणि गहिनी दारात. त्याच्या आधीचं काही तू पाहिलं नाहीस आणि पुढचं ऐकायला थांबला नाहीस.

म्हैस व्याली. रेडकू झालं. तुझे आण्णा बोलत नाहीत, पण ते आधी तरी कुठे बोलत होते. दसऱ्याला ये.

आई


तांबेवाडी
१५ नोव्हेंबर १९९६

चि. प्रवीण,

आशीर्वाद. दसऱ्याला आला नाहीस, दिवाळीलाही आला नाहीस. राहुरीच्या गाडीतून कोणी पिशवीवाला उतरला की तुझे आण्णा उगाच गोठ्यातून रस्त्यावर येतात आणि काहीतरी शोधल्यासारखं करून परत जातात. मी बघते.

यंदा कढई चढली नाही. माझा दुखवटा सुटला, पण आण्णांचा आणि तुझा राहिला होता. रंगुबाईने तिच्याकडच्या करंज्या आणून दिल्या, त्या शेजारधर्म म्हणून खाल्ल्या.

भाऊबीजेला मी बोरगव्हाणला गेले. चिडलास ना? चीड. भाऊ आहे तोवर बहीण भाऊबीजेला जाते, ती काय मंडळाला विचारून जात नाही. घोडेगावला उतरले तर आठवडी बाजार होता, सगळी वाट बैलांनी अडलेली. तुझा मामा काकासाहेब मला घ्यायला आला होता. किती खंगला आहे, विचारू नकोस. मला म्हणाला, 'भामे, तू आलीस, आता मला दुसरं काय नगं.' बैलांच्या गर्दीत उभं राहून आम्ही दोघं म्हातारी माणसं रडलो. एक व्यापारी विचारायला लागला, बैल मेला का?

मामाने आण्णांची टोपी पुन्हा घेतली आहे. मी ती आणली. आण्णांनी ती डोक्यावर घेतली आणि दिवसभर काढली नाही. तुझीही टोपी मामाने घेतली आहे. पण ती त्याने माझ्याजवळ दिली नाही. म्हणाला, भाच्याच्या डोक्यावर मामानेच ठेवायची असते.

आता गहिनीचं. तो मैदानावर जात नाही, हे तुला चांगलंच वाटेल. जेवायला सगळ्यांत शेवटी बसतो आणि सगळ्यांत आधी उठतो. घरी कोणी पाहुणा आला की गोठ्यात जातो. गावातली पोरं खेळायला बोलवायची, आता तीही थांबली. तुझी मामी म्हणते, रस्त्याने जाताना बायका पदर आवळून बाजूला होतात. त्याच्याच गावातल्या, त्याच्याच रंगाच्या. बोरगव्हाणात पिवळ्या बनियनवाल्यांना सामना जिंकल्याचा चषक पाहिजे होता, पण सात नंबरचं तोंड बघायला नको झालंय.

मी त्याला ओवाळायला बसवलं. 'बहीन न्हाई ना तुला, बस.' आत्याने भाच्याला ओवाळायची रीत नाही, ठाऊक आहे. तो पाटावर बसला आणि त्याने मला एक गोष्ट सांगितली. ती लिहिण्यासारखी नाही, म्हणून लिहीत नाही.

मी त्याला म्हटलं, 'परत खेळायचं.' तो म्हणाला, 'आत्या, मैदानात उभं ऱ्हायलं की समदी माझ्या हाताकडं बघत्यात. माझ्या तोंडाकडं कोन बघंल तिथं?' मी म्हटलं, मी बघीन.

बोलून बसले. आता शब्द दिला तो दिला.

तुझी तब्येत कशी आहे? कंपनीत यंत्रावर काम करताना बाह्या वर कर. मच्छिंद्र कधी करायचा नाही आणि तू त्याला ओरडायचास.

आई


तांबेवाडी
२० फेब्रुवारी १९९७

चि. प्रवीण,

आशीर्वाद. दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. नसू दे. पत्र परत आलं नाही, म्हणजे तू घेतलंस. घेतलंस म्हणजे वाचलंस. न वाचता ठेवण्याइतका धीर तुझ्या अंगात नाही, लहानपणी निकालाची चिठ्ठी दुसऱ्याच्या हातातून ओढून घ्यायचास.

आज एक बातमी आहे, आणि ती तुला माझ्याकडूनच कळलेली बरी. मंडळाची पोरं मच्छिंद्रच्या नावाने चषक ठेवणार आहेत. चैत्रात, वर्षश्राद्ध झालं की. शाळेमागच्या मैदानावर. सहादेव कालच आला होता, तुझ्यामागे आता तोच कप्तान आहे. नगरच्या कापडबाजारातून नवे लाल बनियन छापून आणलेत, खेळणाऱ्यांना आणि बघणाऱ्यांनाही. पाठीवर नंबर नाही. 'कै. मच्छिंद्र' एवढंच. म्हातारे, पोरंटोरं, सगळा गाव लाल घालून बसणार म्हणे. एक त्याने माझ्या हातात दिला, एक आण्णांना. चषक माझ्या हातून द्यायचा आहे, खुर्चीवर बसून, लाल घालून.

पोरांनी मनापासून केलंय. त्यांच्याबद्दल मला राग नाही. बनियनच्या पाठीवर पोराचं नाव बघितलं आणि हात लावून बघितला, अक्षरं जरा जाड लागतात बोटाला.

मी विचारलं, 'बोरगव्हाणला बोलावलंय का?'

सहादेव खाली बघायला लागला. 'काकू, त्यास्नी कसं बोलवायचं? पोरं खवळतील. त्यांच्यामुळंच तर...'

'मंग चषक दुसऱ्या कुनाच्या हातनं द्या.'

तो आण्णांकडे वळला. त्याला वाटलं, बाप्या माणसाला पटेल. तुझे आण्णा पोतं शिवत बसले होते. त्यांनी दाभण बाजूला ठेवला आणि म्हणाले, 'चषक माझ्या पोराच्या नावाचा हाय न्हवं? मंग बोरगव्हाणला पत्रिका जाऊ द्या.' आणि पुन्हा पोतं घेतलं. एवढं बोलले, म्हणून मी तुला तारीख टाकून लिहून ठेवते आहे.

तर पत्रिका गेली. आणि आता पुढचं. मी तिथे बसणार आहे, पण लाल घालून नाही. मी गहिनीला शब्द दिला आहे. सगळं मैदान लाल असेल, आणि त्यात त्या पोराला एक तरी माणूस पिवळा दिसला पाहिजे, जो जिंकायला आलेला नाही. मी तो सात नंबर घालणार आहे. चुलीपुढे घालणं सोपं होतं. चार भिंतींत दुखवटा घेतला, तो चार लोकांत दाखवायचा राहिला आहे.

तू म्हणशील, लाल घातला नाहीस तर पोराच्या नावाला पाठ दाखवलीस. अरे, त्याचं नाव मी ठेवलंय. ते माझ्या पाठीवर छापायला कशाला पाहिजे?

एक विचारायचं होतं. मच्छिंद्रचा त्या दिवशीचा लाल बनियन सापडत नाही. पाच नंबर. खांद्याजवळ माती लागली होती, मी तो धुवायला काढलाच नव्हता. सगळ्या पेट्या उचकल्या, गोठ्यावरच्या माळ्यावर आण्णांना चढवलं. तुझ्याकडे असेल तर असू दे. फक्त धुऊ नकोस.

वर्षश्राद्धाला ये. भावाचं श्राद्ध आहे. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी ये.

आई


तांबेवाडी
२४ एप्रिल १९९७

चि. प्रवीण,

आशीर्वाद. श्राद्धाला आला नाहीस. आण्णांनी एकट्याने केलं. पान वाढून ठेवलं, कावळा लगेच शिवला. त्याला तुझ्यासारखा राग नव्हता.

तुझं दुसरं कार्ड सामन्याच्या आदल्या दिवशी मिळालं. पुन्हा एकच ओळ. 'पिवळा घालून मैदानात बसलीस तर मला आई नाही.' भिमाजीने या वेळी कार्ड देताना माझ्याकडे पाहिलंच नाही. उघडं कार्ड असतं रे, सगळं टपाल वाचतं. असं काही लिहायचं झालं तर पाकीट घ्यावं.

मी ते दोनदा वाचलं. मग भाकरी केल्या. मग पुन्हा वाचलं. खोटं कशाला सांगू, पेटी उघडली आणि पुन्हा लावली. एक गेला, आणि दुसरा म्हणतो आहे की हे कापड अंगावर घेतलंस तर मीही गेलो. कोणत्या आईने काय करावं? मला वाटलं, लाल घालून बसावं, घरी येऊन पिवळ्याला हात जोडावेत आणि पोराला परत आणावं. तासभर मी तशी बसले होते. मग आठवलं, की तू परत येशील तो मला नाही, जाळलेल्या बनियनला येशील. आणि असा आलेला तू रोज माझ्यासमोर जेवायला बसशील, आणि तिकडे ते पोर शेवटी बसून आधी उठत राहील.

मी पिवळा घातला.

मैदानात गेले. लालच लाल, सगळ्यांच्या पाठीवर माझ्या पोराचं नाव, आणि मी मधून चालले आहे. सहादेव धावत आला. 'काकू, उतरवा त्यो. पाया पडतो.' मी म्हटलं, 'सहादेव, माज्या माह्यारचा दुखवटा हाय त्यो. तू उतरवतोस का?' त्याने हात मागे घेतला. दुखवट्याच्या कापडाला कोण हात लावील? पण मागून कोणीतरी ओरडलंच, की पोराच्या नावाला काळिमा लावला बाईने. आवाज ओळखीचा होता. विचारायला गेले नाही.

खुर्चीवर बसले नाही. मध्यरेषेच्या टोकाला, खाली मातीत बसले. एकटी. थोड्या वेळाने तुझे आण्णा आले, अंगात लाल, पाठीवर 'कै. मच्छिंद्र', डोक्यावर मामाची दुखवट्याची टोपी, आणि माझ्या शेजारी बसले. तेव्हा मागे रंगुबाई म्हणाली, 'बघा, हळदीकुकवाची कोयरीच बसलीय जनू.' कोणीतरी हसलं. तिथून जरा बरं वाटलं.

बोरगव्हाणची पोरं आली. गहिनी सगळ्यांत मागे. त्याचा बनियन माझ्या अंगावर होता, म्हणून तो साध्या पांढऱ्या गंजीवर आला होता. पहिली चढाई त्याची. मध्यरेषेपाशी आला आणि उभा राहिला. तोंडातून शब्द फुटेना. पंचांनी शिट्टी वाजवली. लोक ओरडायला लागले. 'खुनी' असंही कोणी ओरडलं, मी ऐकलं. तो परत फिरायला लागला.

मी उठले. माझं वय काय, मी करते काय, काही सुचलं नाही. ओरडले, 'कबड्डी! म्हन की रं! कबड्डी, कबड्डी!' माझाच दम सरला. त्याने माझ्याकडे बघितलं, सात नंबर बघितला, आणि रेषा ओलांडली.

आपल्या पोरांनी त्याला धरला. सहादेवने घोटा धरला, अगदी तसाच. वरून सगळे पडले. मी डोळे मिटणार होते, पण बघीन म्हटलं होतं, म्हणून बघत राहिले. पडता पडता सहादेवने दुसरा हात गहिनीच्या डोक्याखाली घातला. नियमात तसं काही नाही. त्याचा हात सोलपटला, आणि गहिनीचं डोकं त्या हातावर टेकलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी ओरडलंही नाही. मग खेळ पुढे चालू झाला.

आपण जिंकलो. पिवळा अंगात घालून मी लालच्या विजयाचा पेढा खाल्ला आणि चषक सहादेवच्या हातात दिला. दोन्ही हातांना माती होती, त्याच्याही आणि माझ्याही.

आता ते लिहिते, जे दिवाळीत लिहिलं नव्हतं. गहिनीने भाऊबीजेला पाटावर बसून सांगितलं, की त्या दिवशी सकाळच्या सामन्यातच मच्छिंद्रच्या डोक्याला लागलं होतं. दुपारी तो ट्रॉलीमागे ओकला. तू त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतास. तो म्हणाला, गरगरतंय. तू म्हणालास, आता एवढाच सामना, मग झोप. गहिनी ट्रॉलीच्या पलीकडे उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

प्रवीण, तो एवढं सगळं वर्ष गप्प बसला. सगळ्या गावांनी त्याला खुनी म्हटलं. तू म्हटलंस. त्याने एक शब्द काढला असता तर बोट दुसरीकडे वळलं असतं. मी त्याला विचारलं, का सांगितलं नाहीस रे कोणाला? तर म्हणतो, 'आत्या, दादा जगायचा न्हाई मंग. मला काय, मला सवय झाली.' आणि मला शपथ घातली, की तुला कळू देऊ नको. शपथ मी आज मोडते आहे. त्याचं पाप लागेल ते मला लागू दे.

मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. नीट वाच, पुन्हा वाच. दोष द्यायला लिहीत नाही. जिंकायच्या दिवशी कोणत्याही कप्तानाने तेच म्हटलं असतं, आणि तू नको म्हणाला असतास तरी मच्छिंद्र खेळायला उतरलाच असता. पण तुला जे आतल्या आत जाळतं आहे ते त्या बनियनसोबत जळणार नाही, म्हणून मी तो जाळणार नाही. आता समजलं का?

तू लिहिलंस, तुला आई नाही. बरं. तुला नसेल तर नसू दे. मला मुलगा आहे. उन्हाळ्यात पाणी उकळून पीत जा.

आई


तांबेवाडी
९ जून १९९७

चि. प्रवीण,

आशीर्वाद. दीड महिना तुझं कार्डही नाही. मी पाकीट घ्यावं म्हटलं म्हणून थांबलास की काय असं वाटायचं. आण्णांना म्हटलं, भोसरीला जाऊन बघता का, तर म्हणाले, 'वाचू दे त्याला.' मला वाटलं, मी लिहायला नको होतं. रोज वाटलं.

आज गहिनी आला. रस्त्याने आला, वेशीतून. वेशीत सहादेव बसला होता, त्याने त्याला सायकलवरून घरापर्यंत आणून सोडलं. हातात कापडात शिवलेलं टपालाचं पुडकं होतं. त्याच्या नावाने आलेलं, बोरगव्हाणच्या पत्त्यावर. पाठवणाऱ्याचं नाव नाही, शिक्का भोसरीचा. त्याने ते फोडलं नव्हतं. एकट्याने उघडायची हिंमत झाली नाही म्हणाला.

उंबऱ्याच्या आत आला या वेळी. मी विळीने टाके कापले.

लाल बनियन. पाच नंबर. खांद्याजवळची माती तशीच. तू धुतला नाहीस.

आत चिठ्ठी नव्हती. मी कापड झटकून बघितलं, आण्णांनी उलटं करून बघितलं. काही नाही. गहिनी पांढराफटक पडला. हात न लावता लांबून बघत राहिला, आणि मग हळूच मला विचारलं, 'आत्या, ह्यो जाळाय धाडलाय का दादानं?'

मला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग दोन्ही एकदम आलं. मी म्हटलं, 'येड्या, भाऊ गेला तुझा. तुला कुनी दुखवटा दिला हुता का? कुनी न्हाई. सगळ्यांनी शिव्या दिल्या. आज भावानं धाडलाय. घाल अंगात.'

त्याने घातला. त्याला खांद्यात आवळ होतो, मच्छिंद्र बारीक होता. आरशात बघितलं नाही, आण्णांपुढे जाऊन उभा राहिला. आण्णांनी त्याच्या खांद्यावरच्या त्या मातीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मग तो तसाच परत गेला. बोरगव्हाणचा पोरगा, लाल घालून. जाताना गावातून गेला, पाटाने नाही.

प्रवीण, तुला काय लिहायचं होतं आणि का लिहिता आलं नाही, ते मला समजलं. आता माझ्याकडे विचारायचं काही उरलं नाही.

पण एक राहिलं आहे. गहिनीचा दुखवटा तू टपालाने दिलास, ती रीत नव्हे, पण पोराची चूक म्हणून चालवून घेतली. तुझा टपालाने येणार नाही. तुझ्या मामाने ती टोपी दिवाळीपासून फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. तू टोपी घालत नाहीस, ठाऊक आहे. एक क्षणच डोक्यावर ठेवायची असते, मामाच्या हाताने, मग काढून ठेव. मामा येत्या रविवारी घेऊन येतो आहे. वेशीत त्याला अडवायला कोणी नाही. घ्यायलाही कोणी नाही.

वेशीत तू उभा राहा.

कढई घासून ठेवली आहे.

आई